खालची हवा

वास्तुपुरुष जमिनीतच पुरायचा, यावर अहिल्याबाई अडून बसल्या. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या मराठी मंडळींपैकी कुणी तो तुळशीच्या कुंडीत ठेवला होता, कुणी फरशीखाली सरकवला होता, आणि एकानं तर किचनच्या ड्रॉवरमध्ये चमच्यांशेजारी ठेवून दिला होता. पण ती माणसं अपार्टमेंटमधली. त्यांच्या मुलानं, केदारनं, घर घेतलं होतं, त्याखाली जमीन होती, आणि जमीन असून देवाला कुंडीत बसवायचं म्हणजे विहीर असून टँकर बोलावायचा, असं त्यांचं म्हणणं. मायणीचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनीही मान डोलावली. आग्नेय कोपरा, हातभर खड्डा, प्रतिमा पालथी.

घर हॅरो रन नावाच्या गावात होतं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, स्टेट कॉलेजपासून गाडीनं पाऊण तास. गावात एक रस्ता, एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि एकाच मापाची चाळीस लाकडी घरं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोळसा कंपनीनं ती मजुरांसाठी बांधली होती. कंपनी कधीच गेली, घरं तेवढी राहिली. त्याआधी राहत होते त्या मॉरिसव्हिल शहरात केदारची नोकरी गेली, एका सकाळी दहा वाजता लॅपटॉप आपोआप बंद झाला आणि पुन्हा उघडला नाही, तेव्हा त्याची बायको शुभा हिला इथल्या विद्यापीठात संशोधकाची जागा मिळाली म्हणून दोघं इकडे आले. तिच्या व्हिसावर केदारला राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती; ती हवी तर स्वतंत्र व्हिसा काढून देणारी कंपनी शोधायला हवी होती. मग त्यानं हे पडीक घर घेतलं आणि त्याच्याच मागं लागला. भिंतींचं जुनं प्लास्टर पाडलं, छपराच्या पाट्या बदलल्या, तीन बाथरूमची वाटेल एवढी घाण एका बाथरूममधून काढली. ज्याच्या बोटांना कीबोर्डशिवाय काही माहीत नव्हतं त्याच्या तळव्यांना घट्टे पडले. मुलाची नोकरी गेल्याचं कळल्यावर आई मायणीहून सहा महिन्यांसाठी आली होती.

घराचा तळमजला लाकडी, त्याखाली बेसमेंट, आणि जमीन लागणार ती बेसमेंटच्या कोब्याखाली. केदारनं शेजारच्या हुडाककडून लोखंडी पहार मागून आणली. पाच फुटी, हातांनी झिजून मध्यभागी गुळगुळीत झालेली. हुडाक ऐंशीच्या पुढचा, एकटा, बोलायला कमी. पहार देताना त्यानं एवढंच विचारलं, की काय फोडणार. केदार म्हणाला, जुनं काँक्रीट थोडं. देवाचं या माणसाला काय समजावणार, म्हणून देवाचं सांगितलं नाही.

कोबा तीन बोटांचाच निघाला. खाली काळी राख आणि भुसभुशीत खडी. हातभर खोल गेल्यावर पहार एकदम हलकी लागली. केदारनं आणखी एक घाव घातला आणि ती त्याच्या हातातून गेली. गेली म्हणजे गेली. भोकातून सरसरत खाली उतरली, आणि खालून आवाज आला तो इतक्या उशिरा, की तोवर केदारला वाटलं होतं, आवाज येणारच नाही. मग त्या मुठीएवढ्या भोकातून गार हवा त्याच्या तोंडावर आली. तिला ओल्या दगडाचा वास होता.

वर फोनमध्ये गुरुजींचे मंत्र चालू होते. अहिल्याबाई जिन्याच्या तोंडाशी ताम्हन घेऊन उभ्या होत्या.

"झाला का रं खड्डा? मुहूर्त टळतोय."

"झाला," केदार म्हणाला.

त्यानं भोकात एक दगड बसवला, सिमेंटची रिकामी पिशवी कोंबली, वर वाळू लोटली. त्यावर तांब्याची प्रतिमा पालथी ठेवून अक्षता, फुलं वाहिली आणि सिमेंट कालवून थापलं. उठताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंतीला हात लावून तो क्षणभर थांबला, छाती धपापत होती. मग वर जाऊन त्यानं पुरणाच्या तीन पोळ्या खाल्ल्या आणि आईच्या पाया पडला.

त्या संध्याकाळी त्यानं घराचे कागद काढले. त्यात एक परिच्छेद होता, जो घर घेताना त्यानं वाचून सोडून दिला होता. या जमिनीखालच्या कोळशावर घरमालकाचा हक्क नाही, आणि वरच्या जमिनीला खालून आधार मिळेलच याचीही हमी नाही. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असतं तसं हे इथल्या प्रत्येक कागदावर असतं, असं तेव्हा तो शुभाला म्हणाला होता, आणि दोघं हसून सह्या करून मोकळे झाले होते. आता त्यानं ते तीनदा वाचलं. शुभाला दाखवलं नाही. नोकरी गेली तेव्हा ती काही बोलली नव्हती, आणि तिचं ते न बोलणंच त्याला जड गेलं होतं. घर हे एकच काम त्याच्या हाताला होतं. तेही चुकलं, हे सांगायची त्याला लाज वाटली, दुसरं काही नाही.

पहारीचं काय करायचं? चार दिवसांनी त्यानं गाडी काढली, दुकानातून नवी पहार आणली आणि हुडाकला नेऊन दिली. हुडाकनं ती हातात तोलली, निळा रंग अंगठ्यानं चोळून पाहिला.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "माझी आजोबांची होती."

केदार म्हणाला की तुमची वाकली, सॉरी. पाच फुटी पोलाद कसं वाकलं, हे म्हाताऱ्यानं विचारलं नाही. नवी पहार भिंतीला टेकवून ठेवली आणि दार लावून घेतलं. केदार अंगण ओलांडून परत आला.

नवरात्र आलं तेव्हा झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. अहिल्याबाईंनी घट वरच्या हॉलमध्ये बसवला, पण पहिल्याच आरतीला कापूर पेटला आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. शुभा झाडूच्या दांड्यानं त्याचं बटण दाबत राहिली, अहिल्याबाई हात जोडून उभ्या राहिल्या, आणि देवीच्या आरतीचा पार विचका झाला. मग घट बेसमेंटमध्ये गेला. तिथं फक्त विषारी वायूचा अलार्म होता, त्याला कापराचं वावडं नव्हतं. आग्नेय कोपऱ्यातच चौरंग मांडला, कारण तिथं वास्तुपुरुष. परडीत अंगणातली माती, तीत गहू पेरले, वर मातीचा घट, शेजारी नऊ दिवसांचा अखंड दिवा. मुलाला काम मिळावं म्हणून अहिल्याबाईंनी देवीला बोललं होतं, की दिवा विझू देणार नाही आणि नऊ दिवस पाण्यावर आणि फळांवर राहीन.

पहिले तीन दिवस दिवा नीट जळला. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, पाऊस नाही पण हवा जडावली, आणि अहिल्याबाई माळ बांधायला खाली गेल्या तर दिवा विझलेला. तेल होतं. वात होती. त्यांनी तो पुन्हा लावला, हात जोडून गालावर मारून घेतलं. तासाभरानं पाहिलं तर पुन्हा विझलेला. ज्योत फडफडत नव्हती, काजळी धरत नव्हती. बसल्या जागी लहान लहान होत जायची आणि नाहीशी व्हायची.

"वारा न्हाई, काय न्हाई," त्या संध्याकाळी म्हणाल्या, "अन् दिवा कसा इझतोय?"

शुभाला वाटलं, वातीचा कापूस सिंथेटिक असेल. इंडियन स्टोअरमधला म्हणजे बोलायलाच नको. केदार खाली गेला आणि अलार्म पाहून आला. अलार्मवर हिरवा ठिपका होता. "ऑल ओके आहे," तो म्हणाला, आणि जिना चढताना आपल्या मांड्या भरून आल्याचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. अहिल्याबाईंनी दिवा उचलून एका उंच स्टुलावर ठेवला. तिथं तो जळत राहिला. जमिनीजवळ काहीतरी आहे, एवढं त्यांना कळलं. पण ते काय, याचा त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला. मुहूर्त टळला असणार, वास्तुपुरुष कोपला असणार, आणि जमिनीतच पुरायचा हट्ट आपला होता.

डोकं त्यांचं त्या दिवसापासून दुखत होतं. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. उपास म्हटल्यावर असं व्हायचंच, असं म्हणून त्यांनी लिंबूपाणी पिऊन वेळ काढली. तिकडं अंगणवाडीत बत्तीस वर्षं त्यांनी ताप अंगावर काढून पोरांना खिचडी वाढली होती. दुखणं सांगायची सवयच नव्हती.

पाचव्या दिवशी केदार अंगणातल्या पानांचे ढीग लावत होता तेव्हा हुडाक कुंपणाशी येऊन उभा राहिला. दक्षिणेतून वादळ येतंय, छपरावर ताडपत्री नीट बांध, असं सांगून तो थांबला. केदारनं दाताळं टेकवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की या घरांखाली खाण आहे का.

हुडाक कुंपणाच्या खांबावर कोपर टेकून जे बोलला ते एवढ्या दिवसांत बोलला नव्हता. त्याचा पणजोबा युरोपातल्या एका डोंगरी खेड्यातून बटाट्याची शेती टाकून इथं आला, १८८७ साली. रेल्वेला कोळसा हवा होता, पोलादाच्या भट्ट्यांना हवा होता, आणि कोळशाला माणसं हवी होती. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. मुकादमाला नाव उच्चारता येईना म्हणून पितळेच्या बिल्ल्यावर नंबर दिला. गुडघ्यावर बसून, कुशीवर पडून खणायचं, छताला आधार म्हणून मधे मधे कोळशाचेच खांब सोडायचे. आणि कोळसा संपत आला तेव्हा कंपनीनं जाता जाता तेही खांब काढून नेले. कुठं किती खणलं याचा नकाशा कधी कुणी केलाच नाही, किंवा केला असेल तर हरवला.

"सगळ्या गावाखाली पोकळ आहे," हुडाक म्हणाला. "आणि पोकळीत हवा आहे. आपली नव्हे, मेलेली, प्राणवायू नसलेली. कोब्याला तडा गेला तर वर येते. वादळाच्या आधी वरच्या हवेचा दाब उतरला की जास्त येते."

मग त्यानं विचारलं, की तुझ्या कोब्याला तडा नाही ना. केदार म्हणाला, नाही. आपल्या आवाजातला खोटेपणा त्याचा त्यालाही ऐकू आला. पण बोलून झालं होतं.

त्यानं ठरवलं, उद्या सकाळी ताडपत्री बांधली की बेसमेंटच्या कोपऱ्यावर आणखी सिमेंट टाकायचं. तशी त्यानं कामात कसूर केली नव्हती. गेल्याच आठवड्यात बेसमेंटची अंगणात उघडणारी तिरपी लाकडी दारं त्यानं फोम भरून, प्लास्टिक ठोकून पक्की बंद केली होती, हिवाळ्यात गार वारा नको म्हणून. दोन छोट्या खिडक्याही बुजवल्या होत्या. स्वतःच्या हातानं, फटीला फट न ठेवता.

सहाव्या दिवशी शुभा सकाळीच विद्यापीठात गेली. दहा वाजता आभाळ काळं झालं, वारा मात्र पडलेला. हुडाक शिडी धरायला आला होता. केदार छपरावर ताडपत्रीची दोरी ओढत होता. खाली स्वयंपाकघरात अहिल्याबाई झेंडूची माळ ओवत होत्या, ते त्याला शिडी चढताना खिडकीतून दिसलं होतं. थोड्या वेळानं दोरी घ्यायला तो शिडीच्या चार पायऱ्या उतरला तर त्या तिथं नव्हत्या.

वर जाऊन त्यानं आणखी दोन गाठी मारल्या. मग तिसरी मारता मारता त्याचे हात थांबले.

"आई," त्यानं वरूनच हाक मारली. उत्तर आलं नाही.

शिडीवरून तो उतरला की पडला, त्याला आठवत नाही. बेसमेंटचं दार उघडं होतं, विजेचा दिवा चालू होता. जिन्यावरून वाकून पाहिलं तर कोपऱ्यातला चौरंग दिसला, स्टुलावरचा दिवा विझलेला दिसला, आणि चौरंगाशेजारी जमिनीवर आई कुशीवर निजलेली दिसली. गालाखाली हात, शेजारी माळ. दुपारी वामकुक्षीला पडावं तशी. केदार चार पायऱ्या उतरला. पाचवीवर त्याच्या गुडघ्यांतली ताकद गेली, कुणी काढून घेतल्यासारखी. त्याच वेळी मागून शर्टाची कॉलर ओढली गेली आणि तो पायरीवर आपटला.

हुडाकनं त्याला वर खेचलं. ऐंशीच्या माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. केदार त्याच्या अंगावर धावून गेला, सोड म्हणून ओरडला, मराठीत शिव्या दिल्या. म्हाताऱ्यानं त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून भिंतीशी दाबलं.

"माझी पहार कुठे आहे?" त्यानं विचारलं.

केदारनं बोट खाली दाखवलं. त्याला रडू यायला लागलं होतं.

हुडाकनं मान हलवली. ओट्यावर लाइट गेल्यावर लावायची मेणबत्ती होती, ती पेटवून त्यानं पोछ्याच्या दांड्याला चिकटवली आणि जिन्यातून खाली सोडली. दुसऱ्या पायरीपर्यंत ज्योत उभी होती. तिसरीवर ती निम्मी झाली. चौथीवर गेली, धूरसुद्धा न काढता.

"माझ्या आजोबांचा भाऊ असा पडला," तो म्हणाला. "त्याला आणायला दुसरा भाऊ गेला. दुसऱ्याला आणायला तिसरा. तू खाली गेलास तर मला इथून दोन दिसतील. दारं उघड."

ही दारं म्हणजे केदारनं बंद केलेली. तो अंगणातून धावला आणि प्लास्टिक ओरबाडायला लागला. खिळे त्यानं दर चार बोटांवर ठोकले होते. हातोडी छपरावर राहिली होती. नखं मुडपली, एक पार निघालं, फोमचे लगदे दारात अडकून बसले. पाऊस सुरू झाला. हुडाकनं आपल्या घरातून चौकोनी पंखा आणला, आणि तिथं भिंतीला टेकवलेली तीच नवी निळी पहार आणून दाराच्या फटीत घातली. दोघांनी अंगाचा भार टाकला तेव्हा दार चिरकत उघडलं. पंखा दारात ठेवून आत हवा मारायला लावला. हुडाकनं फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि पुन्हा जिन्याच्या तोंडाशी जाऊन मेणबत्ती पेटवली.

मग वाट बघायची होती. केदारच्या आयुष्यात त्याहून वाईट काही झालं नाही आणि होऊही नये. आई पंधरा फुटांवर होती. तिचा पदर छातीवर किंचित हलत होता, का पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता, हे कळायला मार्ग नव्हता. मेणबत्ती चौथ्या पायरीवर विझली. पुन्हा पेटवली, चौथीवर टिकली, पाचवीवर विझली. प्रत्येक वेळी हुडाक दांडा वर घ्यायचा, लायटर लावायचा, पुन्हा खाली सोडायचा, आणि दांडा खाली असेपर्यंत केदारचं मनगट त्याच्या दुसऱ्या हातात करकचून धरलेलं असायचं. केदार देवीला विनवत होता, वास्तुपुरुषाला विनवत होता, आणि खालच्या त्या अंधाराला मनात म्हणत होता, की मला घे, खड्डा मी खणलाय. सहावी पायरी. सातवी. आठवीवर ज्योत वाकडी झाली पण राहिली.

"श्वास घे आणि धर," हुडाक म्हणाला. "काखेत हात घाल. बाहेरच्या दारानं काढ. तिच्याकडे बघू नकोस."

केदार उतरला. आईच्या काखेत हात घातले, पाठीनं मागं सरकत ओढत नेलं. तिचा एक पाय परडीला लागला आणि परडी उलटली. दगडी पायऱ्यांवरून तिला वर घेताना त्याच्या छातीत आग पेटली होती, तरी त्यानं श्वास घेतला नाही. अंगणात पावसात तिला पाठीवर टाकल्यावर घेतला. आईचे ओठ जांभळे झाले होते. हुडाकनं तिची हनुवटी वर केली. थोड्या वेळानं तिनं खोल, खरबरीत श्वास घेतला, मग दुसरा, आणि ओकली.

अहिल्याबाई तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. पहिला शब्द बोलल्या तो, दिवा कुणी लावला का. शुभानं सांगितलं, लावलाय. खोटं सांगताना ती त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती. केदारनं तिला सगळं आदल्या रात्रीच सांगितलं होतं. ती त्याच्यावर ओरडली नाही, रडलीही नाही. एकदाच म्हणाली, "मला तरी सांगायचंस रे."

खाणींचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याची दोन माणसं आली. त्यांनी कोपरा उकरला, भोकातून दोरीला बांधून कॅमेरा सोडला. बत्तीस फुटांवर तळ लागला. पडद्यावर कुजलेले ओंडके दिसले, पाणी दिसलं, आणि पाण्यात आडवी पहार. केदारनं त्यांना खरं सांगितलं, इंग्रजीत, सही करून. अहिल्याबाई शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होत्या, त्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. माणसांनी भोकात काँक्रीट ओतलं, हवा बाहेर नेणारा पाइप लावला, आधीचा अलार्म भट्टीच्या धुरातला विषारी वायू ओळखायचा, ही हवा नव्हे, म्हणून भिंतीवर नवा अलार्म बसवला, आणि चांगल्या मनानं सांगितलं की एवढ्यापुरतं घर राहण्याजोगं आहे. एवढ्यापुरतं म्हणजे किती, असं शुभानं विचारलं. नकाशा नाही म्हणाले. दुसरीकडं जायला जागा नव्हती, त्यामुळे सगळे तिथंच राहिले.

अहिल्याबाई त्या दिवसापासून गप्प झाल्या. मीच म्हणले जमिनीत पुर, असं एकदा जेवताना म्हणाल्या. माझ्या हट्टापायी पोराचं घर नासलं. शुभानं केदारकडे बघितलं. केदार भात कालवत राहिला.

नोव्हेंबर लागला. घर तापवणारी भट्टी बेसमेंटमध्ये होती, कोळशाची, जुनी. सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन राख काढायची आणि कोळसा घालायचा, नाही तर नळ गोठणार. नव्या अलार्मवरही हिरवाच ठिपका होता, आणि हिरव्या ठिपक्यावरचा विश्वास त्या घरातून उडाला होता. मग हुडाकनं त्याच्या आजीची रीत सांगितली. एकानं जिन्याच्या माथ्यावर बसायचं, आणि जो खाली जाईल त्यानं वर येईपर्यंत सारखं बोलायचं. आवाज थांबला की वरच्यानं खाली जायचं नाही, दारं उघडायची.

माथ्यावर अहिल्याबाई बसायच्या. शुभाला त्यांनी बसू दिलं नाही. पहिल्या दिवशी केदारनं खाली पाढे म्हटले. दुसऱ्या दिवशी मारुतीस्तोत्र सुरू केलं तर वरून आवाज आला, "पाठ असल्यालं नगं. पाठ असल्यालं माणूस झोपंत बी म्हनतंय. इचार करून बोल." तेव्हापासून तो विचार करून बोलायचा. अर्ज कुठं केला, कुणी नाकारला. शाळेतल्या पोरांची नावं. मायणीच्या बाजारातली दुकानं, एका बाजूनं जाऊन दुसऱ्या बाजूनं परत. रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं. माणसाजवळ बोलायला एवढं थोडं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

एका सकाळी बाहेर आभाळ खाली आलं होतं, बर्फ पडणार होतं. शुभा कामाला गेली होती. केदार बादली घेऊन उतरला. वळून पाहिलं की जिन्याच्या माथ्यावर आईचे दोन पाय तेवढे दिसायचे, लोकरीच्या मोज्यांतले. त्यानं राखेचा दरवाजा उघडला आणि बोलायला लागला. बर्फाबद्दल बोलला. शुभानं केलेल्या आमटीबद्दल बोलला. मग ते संपलं. त्यानं फावडं राखेत घातलं, आणि दोन क्षण नुसता फावड्याचाच आवाज झाला.

"बोल," वरून आवाज आला.

"आई," तो म्हणाला, "हट्ट तुझा होता, पण भोक मला कळलं होतं. पहार खाली गेली तेव्हाच. गार हवा आली तोंडावर. तू वरून विचारलंस, झाला का खड्डा, आणि मी झाला म्हणालो. मला तेव्हाही चक्कर आली होती. दिवा विझायला लागला तेव्हाही मला माहीत होतं, म्हणजे अंदाज होता. हुडाकनं कुंपणाशी विचारलं, तेव्हाही मी नाही म्हणालो. तुझ्यामुळे काही झालं नाही. मी सांगितलं नाही म्हणून झालं."

त्याचं बोलणं थांबलं. भट्टीत कोळसा तडकला. माथ्यावरचे पाय हलले नाहीत, की दुसरी कसली चाहूल आली नाही. त्यानं वाट पाहिली. हातातलं फावडं त्याला उचलवेना आणि खाली ठेववेना.

"आई," तो म्हणाला. "आई, काहीतरी बोल ना."

माथ्यावरचा एक पाय खालच्या पायरीवर आला आणि थांबला.

"मी वर हाय," अहिल्याबाई म्हणाल्या. "खाली तू हायस. तू बोल."